लामूत खोली घेण्याआधी पंचांग उघडा

लामू बेटावरच्या शेला गावाच्या धक्क्यावर मी सकाळी नऊला टोपी, पाण्याची बाटली आणि कॅमेरा घेऊन उभा होतो. आदल्या संध्याकाळी होडीच्या नाखव्याने "सा तिसा" सांगितलं होतं. तिसा म्हणजे नऊ, एवढं स्वाहिली मला येत होतं. होडी आली दुपारी तीनला आणि नाखव्याच्या चेहऱ्यावर उशिराचा मागमूसही नव्हता. उशीर झालाच नव्हता. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतं. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आणि त्यांचे नऊ म्हणजे आपले दुपारचे तीन. शिवाय दोन दिवसांपूर्वी पौर्णिमा झाली होती. आम्हाला जायचं होतं त्या ताकवाच्या, म्हणजे शेजारच्या बेटावरच्या ओस पडलेल्या जुन्या गावाच्या, खाडीत सकाळी होडी तरंगेल एवढं पाणीच नसतं. तीनला निघणंच बरोबर होतं. चूक माझ्या कानांची.

केनियाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या लामू बेटावर समुद्रकाठचं छोटं हॉटेल निवडायचं असेल, तर या गोष्टीतच निम्मं उत्तर आहे. इथे खोलीचं सुख सजावटीपेक्षा वारा, भरती आणि मजला यांवर ठरतं. संकेतस्थळावरच्या फोटोत यातलं काहीच दिसत नाही. म्हणून हा लेख हॉटेलांची क्रमवारी लावत नाही. निवड कोणत्या क्रमाने करावी, तेवढं सांगतो.

आधी महिना, मग हॉटेल

लामूला दोन वारे आहेत. डिसेंबर ते मार्च ईशान्येकडून वाहणारा कास्काझी आणि साधारण एप्रिल ते सप्टेंबर आग्नेयेकडून येणारा कुसी. शिडाची गलबतं कास्काझीवर भारत-अरबस्तानाकडून आफ्रिकेला जात आणि कुसीवर परत येत. आपल्या किनाऱ्याचा मोसमी पाऊस आणि लामूचा कुसी ही एकाच वाऱ्याची दोन टोकं आहेत.

कास्काझीत हवा गरम आणि कोरडी, समुद्र त्या मानाने शांत, पाणी स्वच्छ. पोहायला आणि पाण्याखालचे मासे बघायला हेच दिवस चांगले. नाताळ ते नवं वर्ष मात्र भाव चढलेले असतात आणि चांगली घरं काही महिने आधीच गेलेली असतात. एप्रिलच्या उत्तरार्धापासून जूनपर्यंत मोठा पाऊस. मे महिन्यात बरीच हॉटेलं दुरुस्तीसाठी बंदच ठेवतात, त्यामुळे मुलांच्या सुट्टीचा मे डोळ्यांसमोर ठेवून बेत आखू नका. जुलै ते सप्टेंबर हवा गार असते, कुसी जोरात असतो. मला स्वतःला ऑगस्ट-सप्टेंबर आवडतो, पण लाटांना आणि अंगावर उडणाऱ्या वाळूला कंटाळणाऱ्यांनी तो टाळावा. नोव्हेंबरात हलका पाऊस असतो. लामूचा सांस्कृतिक महोत्सवही बहुधा त्याच महिन्यात असतो. शिडाच्या होड्यांच्या आणि गाढवांच्या शर्यती बघायच्या असतील तर तारखा आधी विचारून घ्या.

सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, म्हणजे ऐन चांगल्या हंगामात. लामू मुस्लिम गाव आहे. त्या महिन्यात गावातली बहुतेक खानावळी दिवसभर बंद असतात आणि सूर्यास्तानंतर गल्ल्या जाग्या होतात. हॉटेलात पाहुण्यांना जेवण मिळतं. रमजानमधलं रात्रीचं लामू मला तरी वेगळंच भावतं, पण दुपारी गावात भटकून कुठेही काहीतरी खाऊ, हा बेत तेव्हा जमणार नाही.

चार किनारे, चार स्वभाव

महिना ठरला की जागा ठरवायची. लामूला राहायचं म्हणजे खरं तर चार वेगवेगळ्या ठिकाणांतून एक उचलायचं.

पहिलं लामू गाव. पूर्व आफ्रिकेतलं सर्वांत जुनं आणि सर्वांत चांगलं टिकलेलं स्वाहिली गाव म्हणून युनेस्कोने ते २००१ साली जागतिक वारसा यादीत घेतलं. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून ओझ्याचं गाढव आलं तर भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. या गावाला पुळण नाही, समोर धक्का आहे. पण घरांच्या गच्चीवरून होड्यांची ये-जा दिसते, बाजार पायाशी असतो आणि राहण्याचा खर्च शेलापेक्षा कमी येतो. लामू हाऊससारखं धक्क्यावरचं हॉटेल इथेच आहे. इतिहासासाठी येणाऱ्याने निदान दोन रात्री इथे काढाव्यात.

दुसरं शेला. गावापासून सुमारे तीन किलोमीटर, चालत पाऊण तास. इथून नैऋत्येकडे जवळजवळ बारा किलोमीटरची सलग पुळण सुरू होते. बुटिक म्हणावी अशी बहुतेक राहण्याची ठिकाणं इथेच आहेत. काही हॉटेलं, काही पाच-सहा खोल्यांची जुनी घरं आणि काही अख्खी भाड्याने मिळणारी घरं. पेपोनी हे १९६७ पासून चालत आलेलं, एकाच कुटुंबाचं हॉटेल अगदी पाण्याच्या काठावर आहे. नावाचा अर्थ 'स्वर्गात'. तिथे राहिलात नाही तरी संध्याकाळी ओसरीवर बसून येणाऱ्या होड्या बघायला काही हरकत नाही.

तिसरं, खाडीपलीकडचं मांडा बेट. रास किताऊच्या पुळणीवरून शेला समोर दिसतं. मजलिससारखं पोहण्याचा तलाव असलेलं मोठं हॉटेल इथे आहे आणि झापांच्या साध्या झोपड्याही आहेत. ही पुळण खाडीच्या आतल्या बाजूला असल्याने कुसीच्या दिवसांत इथलं पाणी शेलाच्या उघड्या किनाऱ्यापेक्षा शांत असतं. लहान मुलं बरोबर असतील तर मी मांडाच सुचवेन. गैरसोय एकच: प्रत्येक वेळी बाहेर पडायचं म्हणजे होडी. तिचे पैसे कोण देणार, हे आधी विचारा.

चौथं, पुळणीच्या दुसऱ्या टोकाचं किझिंगोनी. मोठी घरं, आठ-दहा जणांच्या गटासाठी ठीक. शेजारी दुकानसुद्धा नाही. ज्याला एकांत हवा त्याने जावं. मी तिथे तिसऱ्या दिवशी कंटाळेन.

पहिल्यांदा जाणाऱ्या जोडप्याने गावात दोन आणि शेलात चार रात्री काढाव्यात, असं मला वाटतं. आणि क्रम हाच ठेवावा, कारण शेलात एकदा पाय पसरले की परत गावात जाऊन राहण्याचा उत्साह उरत नाही.

घर वाचायला शिका

शेलातल्या आणि गावातल्या जुन्या घरांची रचना कळली की खोली निवडणं सोपं जातं. भिंती प्रवाळाच्या दगडाच्या आणि चुन्याच्या, हातभर जाड. वर छताला तिवराचे वासे. त्यांना तिथे बोरिती म्हणतात. तिवराचा वासा अडीच-पावणेतीन मीटरपेक्षा जास्त अंतर पेलत नाही, म्हणून जुन्या स्वाहिली घरातल्या खोल्या लांबलचक पण अरुंद असतात. फोटोत खोली लहान वाटली म्हणून नाक मुरडू नका, ती तशीच असायची. दाराबाहेर दोन्ही बाजूंना बसायला दगडी कट्टे असतात, त्याला बराझा म्हणतात. आपल्या ओट्यावर जे चालतं तेच तिथे चालतं. आत चौक, आणि सर्वांत आतल्या खोलीच्या भिंतीत चुन्यात कोरलेल्या कोनाड्यांच्या रांगा. हे झिदाका. पूर्वी त्यांत चिनी मातीची भांडी मांडत.

आता व्यवहार. तळमजल्याची खोली सर्वांत देखणी असू शकते, कारण कोनाडे आणि कोरीवकाम तिथेच असतं. पण वारा तिथे पोचत नाही. लामूत वातानुकूलन सगळीकडे नसतं आणि वीज जाते. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये खालच्या खोलीत रात्री घामाच्या धारा लागतात. वरचा मजला मागा, दोन बाजूंना खिडक्या असलेली खोली मागा. सगळ्यांत वर झापांनी शाकारलेली मोकळी गच्ची असते. मकुतीचं हे छप्पर म्हणजे घराची खरी बैठकीची खोली. दुपारची झोप आणि रात्रीचं जेवण तिथेच. ज्या घराला अशी गच्ची नाही, ते घर मी घेणार नाही.

मात्र वर जायला उंच, अरुंद दगडी जिने आहेत. आई-वडील बरोबर असतील आणि गुडघ्यांची तक्रार असेल तर "खोलीपर्यंत किती पायऱ्या?" हा प्रश्न बाकी सगळ्याच्या आधी विचारा. लिफ्टचा प्रश्नच नाही.

आवाजाचंही सांगून ठेवतो. पहाटेची अजान होते, मग कोंबडे, मग गाढवं. जवळच्या मशिदीपासून पन्नास पावलांवरच्या घरात राहून तक्रार करण्यात अर्थ नाही. ज्यांची झोप सावध आहे त्यांनी मशीद किती लांब आहे ते विचारावं.

आणि पाणी. शेलामागच्या वाळूच्या टेकड्या म्हणजे बेटाची पाण्याची टाकी आहे. पाऊस वाळूत मुरतो आणि खाली गोड पाणी साठतं, विहिरींना येतं. मांडा बेटावरचं ताकवा हे गाव सतराव्या शतकात ओस पडलं. विहिरींचं पाणी खारावलं हे त्यामागचं मुख्य कारण मानलं जातं. तिथली माणसं शेलात येऊन राहिली, असं शेलाचे लोक सांगतात. आजही ते ताकवाच्या जुन्या थडग्यापाशी पावसासाठी प्रार्थना करायला जातात. तेव्हा नळाला पाणी बारीक किंवा किंचित मचूळ आलं तर चकित होऊ नका. खाजगी तलावाची हौस या बेटावर तरी सोडा. समोर समुद्र आहे.

भाव कसा वाचायचा

केनियात हॉटेलाचे दोन दर असतात: रहिवाशांसाठी आणि बाहेरून येणाऱ्यांसाठी. शिलिंगमधला आकर्षक आकडा बहुधा रहिवाशांचा असतो आणि तो केनियात राहण्याचा परवाना असलेल्यांनाच लागू होतो. नैरोबीत नोकरी करणारा आपला भाचा तो घेऊ शकतो, आपण नाही. आपल्याला डॉलर किंवा युरोमधला दर पडतो. त्यात १६ टक्के मूल्यवर्धित कर आणि २ टक्के पर्यटन आकार धरला आहे का, हे लेखी विचारा.

छोट्या हॉटेलांशी थेट ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर बोलणं सर्वांत बरं. विचारायचं ते एवढं: विमानतळावरून होडी धरली आहे का, फक्त न्याहारी की दोन वेळचं जेवण, खोली कुठल्या मजल्यावर, वीज गेल्यावर पंखा चालतो का, मच्छरदाणी पलंगभर पुरते का, आणि रद्द केलं तर किती पैसे परत. अख्खं घर भाड्याने घेत असाल तर स्वयंपाकी बहुधा घराबरोबरच येतो. पण बाजाराचा खर्च वेगळा असतो. तो रोज लिहून मागावा, त्यात वाईट कोणालाच वाटत नाही.

चार-पाच जणांचं मराठी कुटुंब असेल तर मला हाच पर्याय सर्वांत परवडणारा आणि सुखाचा वाटतो. कारण जेवण.

जेवणाचं आधी बोला

मासे खाणाऱ्याला लामूत चिंता नाही. न्गुरू म्हणजे आपली सुरमई, कांबा म्हणजे कोळंबी, आणि सगळं नारळाच्या दुधात. मालवणच्या माणसाला चव ओळखीची वाटेल, फक्त तिखट कमी. शाकाहारी माणसाने मात्र नुसतं "मांस नको" म्हणून थांबू नये. स्वाहिलीत न्यामा म्हणजे मांस. मासा त्यात येत नाही. "सिली न्यामा, वाला सामाकी" म्हणा, म्हणजे मांसही खात नाही, मासाही नाही. मग नारळाच्या रसातली तूर, म्हणजे म्बाझी, आणि सोबत गोडसर तळलेल्या माहाम्री. ही तिथली न्याहारीच आहे. राजमा आणि पालेभाजीही नारळात होते, चपाती तर चपातीच. अंड्याचं आणि लसणीचं काही पथ्य असेल तर तेही आरक्षणाच्या वेळीच लिहून कळवा. बेटावर भाजी बाहेरून येते, आयत्या वेळी फार पर्याय नसतात.

दारू गावात जवळजवळ मिळत नाही. शेला आणि मांडातल्या काही हॉटेलांत मिळते.

कागद, लस, विमान

केनियाला आता व्हिसाऐवजी इलेक्ट्रॉनिक प्रवास परवाना लागतो. ही पद्धत जानेवारी २०२४ पासून आली. अर्ज फक्त सरकारी संकेतस्थळावर करा, मधल्यांची सारखी दिसणारी संकेतस्थळं खूप आहेत. अर्जात राहण्याच्या जागेचं आरक्षण मागतात, म्हणून हॉटेल आधी.

पिवळ्या तापाची लस टाळू नका. केनियाहून परतणाऱ्याकडे भारतात तिचं प्रमाणपत्र मागतात, नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, आणि तिचं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. केंद्रावर जागा लवकर मिळत नाही, महिनाभर आधी नोंद करा. किनाऱ्यावर मलेरिया आहे, गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा.

मुंबईहून नैरोबी थेट विमानाने साधारण सहा तास. पुढे लामूला तासाभराचं छोटं विमान. इथे एक खाच आहे. लामूची काही उड्डाणं जोमो केन्याटा विमानतळावरून सुटतात, तर काही शहराच्या दुसऱ्या बाजूच्या विल्सन विमानतळावरून. विल्सनचं तिकीट असेल तर नैरोबीची वाहतूक धरून चार-पाच तास मोकळे ठेवा, किंवा एक रात्र तिथे काढा. छोट्या विमानात सामानाची मर्यादा बरीच कमी असते, कधी पंधरा किलो, आणि कडक सूटकेसपेक्षा मऊ पिशवी चालते.

प्लास्टिकच्या कॅरीबॅग केनियात २०१७ पासून बंद आहेत. चिवड्या-लाडवांच्या पिशव्या घरीच कापडी करा. ड्रोन परवान्याशिवाय नेऊ नका, विमानतळावर अडकतो.

सुरक्षेबद्दल स्पष्ट लिहितो. लामू जिल्ह्याच्या मुख्य भूमीवर गेल्या पंधरा वर्षांत अतिरेकी हल्ले झाले आहेत. २०११ मध्ये मांडावरून तिथेच घर असलेल्या एका फ्रेंच महिलेचं अपहरण झालं, तर जानेवारी २०२० मध्ये मुख्य भूमीवरच्या 'मांडा बे' नावाच्या लष्करी तळावर हल्ला झाला. पर्यटक बेटांवर येतात-जातात, पण मुख्य भूमीवरून रस्त्याने जाण्याच्या भानगडीत पडू नये. विमानानेच जा, आणि तिकीट काढण्याआधी नैरोबीतल्या भारतीय उच्चायुक्तालयाच्या सूचना वाचा. प्रवास विम्यात हा भाग धरला आहे का तेही बघा.

उतरल्यावर

विमानतळ मांडा बेटावर आहे. विमानातून उतरून चालत धक्क्यावर जायचं आणि होडीत बसायचं. हॉटेलचा माणूस नावाची पाटी घेऊन उभा असेल तर बाकी कोणाच्या मागे जाऊ नका, सामान हातात घेऊ पाहणारे पुष्कळ असतात. ओहोटीला शेलात धक्क्याऐवजी पुळणीवर उतरावं लागलं तर गुडघाभर पाणी असतं. बूट पिशवीत, चप्पल पायात.

रोख शिलिंग बरोबर ठेवा. एटीएम लामू गावात आहेत, शेलात त्यांच्या भरवशावर राहू नका. स्थानिक लोक बहुतेक व्यवहार मोबाइलवरच्या एम-पेसाने करतात.

गावात खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, पुरुषांचेसुद्धा. पोहण्याचे कपडे पुळणीवरच. वडीलधाऱ्याला "शिकामू" म्हणा, उत्तर "माराहाबा" येईल. कोणाच्या दारात उभं राहिलात तर "होदी?" म्हणायचं आणि आतून "करिबू" आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. बाकी भाषा हळूहळू ओळखीची होत जाते. दुका म्हणजे दुकान, लाकी म्हणजे लाख, बिमा म्हणजे विमा, आणि नाखव्याला नाहोधा. गारी म्हणजे गाडी. जुन्या गावाच्या गल्ल्यांत गाडी शिरत नाही, शब्द मात्र पोचला.

रोजचा दिवस भरतीवर बांधा

आता पंचांगाकडे येतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती, हे आपल्या किनाऱ्यावर जसं तसंच तिथेही. स्वाहिलीत उधाणाला बामवुआ म्हणतात आणि भांगाला माजी माफू, म्हणजे मेलेलं पाणी. वेळा मात्र आपल्या नाहीत. कोकणात तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढतात. तो हिशोब लामूत लावू नका. मुंबईला पौर्णिमेची भरती दुपारी बाराच्या आसपास येते, तर केनियाच्या किनाऱ्यावर पहाटे आणि दुपारी चार-पाचच्या आसपास. त्यापुढे रोज साधारण पाऊण तास उशीर, हे गणित मात्र सारखंच.

याचा उपयोग असा. उधाणाच्या भरतीला शेलाच्या हॉटेलांपुढची वाळू जवळजवळ नाहीशी होते आणि गावाकडून शेलाला येणारी किनाऱ्याची वाटही पाण्याखाली जाते. मग आतून वळसा घालावा लागतो. लांब पुळणीवर चालायला जायचं तर ओहोटी धरा: पौर्णिमेच्या दिवसांत सकाळी दहाच्या आसपास वाळू टणक आणि रुंद असते. ऊन मात्र डोक्यावर असतं. ताकवाची सहल भरतीला करायची, कारण तिवरांमधून जाणारी खाडी ओहोटीला आटते. अष्टमीच्या आसपास भरती सकाळी दहा-अकराला येते, तेव्हा सहल सकाळीच उरकते. पौर्णिमेला दुपारी निघा आणि सूर्यास्त होडीतच बघा. खाडीच्या मुखाशी पाण्याला ओढ असते. शेला ते मांडा पोहत जाण्याची पैज कोणाशी लावू नका.

होडी ठरवताना चार गोष्टी बोलून घ्या: पैसे माणशी की होडीचे, जेवण आहे का, अंगात घालायची जाकिटं आहेत का, आणि वेळ. वेळ विचारताना "इंग्रजी घड्याळ की स्वाहिली?" असं सरळ विचारा. तिथले लोक हसतात, पण उत्तर नीट देतात.

एक अर्धा दिवस गावासाठी ठेवा. १८१३ ते १८२१ च्या दरम्यान बांधलेला किल्ला, शेजारचा बाजार, रियाधा मशीद, आणि धक्क्यावरचा गाढवांचा दवाखाना, जो १९८७ पासून चालू आहे. किल्ल्यात मराठी माणसाला एक गोष्ट आठवावी. १५८९ मध्ये या किनाऱ्यावर आलेलं पोर्तुगीज आरमार गोव्याहून निघालं होतं, आणि त्याने लामूच्या राजाला मृत्युदंड दिला.

परतीचं विमान सकाळचं असेल तर होडीची वेळ आदल्या रात्री हॉटेलकडून लिहून घ्या. खोलीत आणि स्वयंपाकघरात राबणाऱ्यांसाठी बक्षिसी एकाच माणसाच्या हातात न देता हॉटेलच्या सामाईक पेटीत टाका, म्हणजे पाणी वाहून आणणाऱ्या गड्यापर्यंतही ती पोचते. आणि पिवळ्या तापाचं ते छोटं पिवळं पुस्तक मोठ्या बॅगेत तळाशी ठेवू नका. मुंबईत उतरल्यावर ते इमिग्रेशनच्या आधीच मागतात.